उन्हाळ्यातील घरगुती शीतकरण आणि तापमान-नियोजन

उन्हाळ्यातील घरगुती शीतकरण म्हणजे कडक उन्हाळ्यात राहत्या घरातील तापमान सुसह्य राखण्यासाठी योजलेले उपाय होत. त्यांत घराची बांधणी, सावली, पंखे, पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे कूलर आणि वातानुकूलक (बोलीभाषेत एसी) यांचा समावेश होतो. वातानुकूलकात खोलीसाठी निवडलेल्या तापमानावर विजेचा खर्च अवलंबून असतो, म्हणून ते तापमान किती असावे हा ऊर्जाबचतीचा स्वतंत्र विषय मानला जातो. मराठवाड्यात मात्र हा प्रश्न केवळ विजेचा राहत नाही. येथे वीज, पाणी आणि घराचे छप्पर या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. या लेखात बीड तालुक्यातील चौसाळा व त्याच्या परिसराच्या अनुषंगाने हा विषय मांडला आहे.

== हवामान ==

चौसाळा हे बीड जिल्ह्याच्या दक्षिण भागात, बालाघाटच्या पठारी प्रदेशात, सोलापूर–धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२ (पूर्वीचा क्रमांक २११) वर वसलेले बाजारपेठेचे गाव आहे. हा सारा भाग पर्जन्यछायेत मोडतो. मार्चअखेरीपासून तापमान चढू लागते. एप्रिल आणि मे महिन्यांत कमाल तापमान चाळिशी ओलांडते आणि काही दिवशी ते ४२ ते ४४ अंश सेल्सिअसपर्यंत जाते.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषांनुसार मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा अधिक असेल, अथवा प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. या व्याख्येमुळे एक गोष्ट झाकली जाते. ज्या भागात ४१ अंश हीच मे महिन्याची सरासरी असते, तेथे ४३ अंशांचा दिवस कागदोपत्री उष्णतेच्या लाटेचा ठरत नाही, पत्र्याच्या घरात तो कसाही जात असला तरी.

येथील उन्हाळ्याची दोन वैशिष्ट्ये शीतकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे हवेचा कोरडेपणा. मे महिन्यात दुपारी सापेक्ष आर्द्रता अनेकदा २० ते २५ टक्क्यांपर्यंत खाली येते. दुसरे म्हणजे दिवस आणि रात्र यांच्या तापमानातील मोठी तफावत. दुपारी ४२ अंशांवर गेलेला पारा पहाटे पंचविशीच्या आसपास उतरतो. अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून झोपण्याची पद्धत या तफावतीवरच आधारलेली होती.

== घराची बांधणी ==

मराठवाड्यातील जुने घर माळवदाचे असे. दगड-मातीच्या दोन ते तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांवर सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर फळ्या वा किलचण आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना होती. उजेड आणि हवेसाठी माळवदात झरोका ठेवत. जाड माती आणि दगड उष्णता सावकाश शोषतात व सावकाश सोडतात, त्यामुळे बाहेरची दुपार आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बाहेरची हवा थंड झालेली असते. दर पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती टाकावी लागे. हा खर्च आणि कष्ट हीच या घराची मोठी उणीव होती.

दुसरी उणीव ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे उघड झाली. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील किल्लारी परिसराच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुसंख्य बळी जड माळवदे आणि सुट्या दगडांच्या भिंती झोपेत अंगावर कोसळल्याने गेले. त्यानंतर मराठवाडाभर माळवदाविषयी धास्ती बसली. पुनर्वसनाच्या गावांत आणि पुढे इतरत्रही सिमेंट काँक्रीटचे स्लॅब व पत्र्याची छपरे आली. हा बदल जीव वाचवणारा होता आणि त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मात्र त्याबरोबर घराची उष्णता अडवण्याची शक्तीही गेली. चार-पाच इंच जाडीचा उघडा स्लॅब दिवसभर तापतो आणि नेमकी झोपेच्या वेळी ती उष्णता खोलीत सोडतो. पत्र्याचे छप्पर त्याच्या उलट वागते. ते सूर्योदयानंतर तासाभरातच तापते आणि सूर्यास्तानंतर लवकर निवते, म्हणजेच दुपारी ते असह्य असते आणि रात्री बरे.

बीड जिल्ह्यातील मोठ्या संख्येने कुटुंबे ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये परततात. हिवाळ्यात बंद राहिलेली ही घरे, ज्यांपैकी पुष्कळ पत्र्याची असतात, वर्षातील सर्वांत उष्ण आठवड्यांतच भरतात. पत्र्यावर तुराट्या, पऱ्हाट्या किंवा उसाचे पाचट अंथरून वर दगड ठेवणे हा येथील सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याने ऊन पत्र्यापर्यंत पोहोचत नाही आणि मध्ये हवेचा थर राहतो. वाळलेले पाचट झटकन पेट घेते, त्यामुळे चुलीच्या धुराड्याजवळ ते धोक्याचे ठरते.

स्लॅबसाठी पांढऱ्या रंगाचा किंवा चुन्याचा लेप हा तुलनेने नवा, पण चांगला सिद्ध झालेला उपाय आहे. पांढरा पृष्ठभाग बहुतेक सूर्यप्रकाश परतवतो. तेलंगण राज्याने २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र शीत छत धोरण जाहीर केले. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी काढलेल्या इको-निवास संहितेत भिंती व खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा सुचवली आहे. गावात गवंड्याच्या हाताने उभ्या राहणाऱ्या घरांपर्यंत अशा संहिता क्वचितच पोहोचतात.

पाण्याच्या सान्निध्याने वास्तू थंड ठेवण्याची कल्पना या भागात जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवरील बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल बांधलेला आहे, तर छत्रपती संभाजीनगर येथील पाणचक्कीच्या हौदाखाली मोठे दालन आहे.

== कूलर ==

कूलरमध्ये पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या गवताच्या किंवा जाळीदार कागदी पॅडमधून ओढतो. पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता घेते आणि हवा थंड होते. दारावर वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडण्याची पद्धत याच तत्त्वावर चालते.

कूलर हवा किती थंड करू शकेल हे तिच्या ओल्या फडक्याच्या तापमानावर, म्हणजेच आर्द्र-बल्ब तापमानावर ठरते. हवा ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असताना हे तापमान सुमारे २४ अंश असते. चांगला कूलर या दोहोंमधील अंतराच्या सुमारे ८० टक्के मजल मारतो, म्हणजे २७-२८ अंशांची हवा देतो. एकूण घट १४ अंशांची होते. जूनमध्ये मृगाच्या सरी पडण्याआधी, हवा ३४ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असताना, आर्द्र-बल्ब तापमान २७-२८ अंशांवर चढते. तोच कूलर तेव्हा जेमतेम पाच अंशांची घट करतो आणि वर खोलीत दमटपणा भरतो. म्हणूनच कूलर मराठवाड्यात उपयोगी आहे आणि मुंबई किंवा रत्नागिरीत नाही. मराठवाड्यातही तो एप्रिल-मेचा सोबती आहे, जूनचा नव्हे.

कूलर चालू असताना खोलीची एक खिडकी उघडी ठेवणे आवश्यक असते. हवा बाहेर जायला वाट नसेल तर आत ओल साचते आणि थोड्याच वेळात थंडावा जाणवेनासा होतो. दारे-खिडक्या घट्ट लावून कूलर लावणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. वातानुकूलकाचा नियम कूलरला लावल्याने ती होते.

विजेच्या दृष्टीने कूलर फार काटकसरी आहे. घरगुती कूलर साधारणतः १५० ते २५० वॅट वीज घेतो, तर दीड टनाचा वातानुकूलक पूर्ण भाराने चालताना सुमारे दीड किलोवॅट घेतो. परंतु कूलरची खरी किंमत पाण्यात मोजावी लागते.

== वीज आणि पाणी ==

तासाला सुमारे २,००० घनमीटर हवा ओढणारा कूलर ती १४ अंशांनी थंड करताना तासाला १२ ते १३ लिटर पाणी वाफेवाटे घालवतो. दुपारच्या पाच तासांत हे पाणी ६० लिटरच्या पुढे जाते. टंचाईकाळात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात टँकरने पाणी पुरवताना दरडोई दररोज २० लिटर हे प्रमाण धरले जाते. त्या हिशेबाने एका कूलरची एक दुपार तीन माणसांच्या टँकरच्या पाण्याएवढी होते. जलजीवन अभियानाने नळाच्या पाण्यासाठी ठरवलेल्या दरडोई ५५ लिटरांपेक्षाही ते अधिक आहे.

हे पाणी लागते तेव्हाच ते नसते. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ च्या टंचाईच्या वर्षांत बीड जिल्ह्यातील असंख्य गावे टँकरवर होती. शेजारच्या लातूर शहराला एप्रिल २०१६ पासून मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी घरात कूलर असणे आणि तो चालवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. पुष्कळ घरांत तो नुसता पंखा म्हणून कोरडाच फिरतो आणि तापलेली हवा अंगावर फेकतो.

वीजनिर्मितीलाही पाणी लागते, ही बाब बीड जिल्ह्याला इतरांपेक्षा जवळून ठाऊक आहे. जिल्ह्यातील परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत केंद्र गोदावरी खोऱ्यातील बंधारे व माजलगाव धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी ते बंद ठेवावे लागले आणि २०१५ च्या पावसाळ्यात पुन्हा तीच वेळ आली.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार शीतमनोरे असलेल्या जुन्या औष्णिक केंद्रांना एका मेगावॅट-तासामागे जास्तीत जास्त ३.५ घनमीटर पाणी वापरता येते. एका युनिटमागे हे साडेतीन लिटर होतात. दुपारी पाच तास चालून साडेसहा युनिटे खाणारा वातानुकूलक त्या हिशेबाने केंद्रावर सुमारे २३ लिटर पाणी खर्च करवतो, तर कूलर घरात ६० लिटर. पाण्याच्या एकूण वापरात, सामान्य समजुतीच्या उलट, वातानुकूलक कमी पाण्याचा ठरतो. फरक इतकाच की कूलरचे पाणी घरातल्या टाकीतून जाते आणि दिसते, वातानुकूलकाचे पाणी दूरच्या धरणातून जाते आणि दिसत नाही. कोळसा व धूर हा हिशेब यात धरलेला नाही. तो धरला तर पारडे पुन्हा कूलरकडे झुकते.

== वातानुकूलकाचे तापमान ==

खोलीचे तापमान ओळखून यंत्र चालू-बंद करणाऱ्या भागास थर्मोस्टॅट म्हणतात. अमेरिकेतील वॉरेन जॉन्सन यांनी १८८३ मध्ये विजेवर चालणाऱ्या खोलीतील थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले. तेथील घरांत हे उपकरण भिंतीवर असते आणि ते सबंध घराचे तापमान सांभाळते. भारतात ते एकेका खोलीच्या यंत्रातच बसवलेले असते व रिमोटने चालवले जाते.

रिमोटवर १८ अंश निवडल्यास खोली २४ अंशांपर्यंत लवकर येते, हा समज व्यापक आहे. साध्या यंत्रातील कॉम्प्रेसर एकतर पूर्ण शक्तीने चालतो किंवा बंद असतो, निवडलेला आकडा फक्त तो कधी थांबणार हे सांगतो. १८ वर ठेवल्यास तापलेल्या स्लॅबखाली तो बहुधा थांबतच नाही. इन्व्हर्टर प्रकारच्या यंत्रात कॉम्प्रेसरची गती कमी-जास्त होते, परंतु सुरुवातीला तेही पूर्ण गतीनेच धावते.

घरात शिरणारी उष्णता आतल्या व बाहेरच्या तापमानातील फरकाच्या साधारण प्रमाणात असते. बाहेर ४२ अंश असताना आत २४ राखायचे तर फरक १८ अंशांचा होतो, २७ राखायचे तर १५ अंशांचा. म्हणजे तीन अंशांच्या सवलतीने उष्णतेचा ओघ सुमारे एक षष्ठांशाने घटतो. तापमान एक अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते, हा केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने प्रचारात आणलेला आकडा या हिशेबाशी जुळतो. रात्री बाहेर ३० अंश असताना तीच सवलत प्रमाणाने अधिक मोलाची ठरते, कारण तेव्हा मुळातला फरकच थोडा असतो.

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ अन्वये स्थापन झालेला हा ब्युरो १ मार्च २००२ पासून कार्यरत आहे. उपकरणांवरील तारांकित पट्टी ही त्याची सर्वपरिचित योजना होय. जून २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने वातानुकूलकांचे तापमान २४ अंशांवर ठेवण्याची मोहीम हाती घेतली. ऑक्टोबर २०१९ च्या अधिसूचनेनुसार १ जानेवारी २०२० पासून तारांकित खोली-वातानुकूलकांचे मूळ तापमान २४ अंश असणे बंधनकारक झाले. ही सक्ती कारखान्यातून येणाऱ्या यंत्रावर आहे, वापरणाऱ्यावर नाही. ग्राहक रिमोटने ते खाली आणू शकतो. जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी नव्या यंत्रांची मर्यादा २० ते २८ अंशांदरम्यान आखण्याचा मानस जाहीर केला.

इतर देशांतही असे प्रयत्न झाले आहेत. तेलटंचाईच्या काळात, १९७९ मध्ये, अमेरिकेने सार्वजनिक व व्यापारी इमारती ७८ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे २५.६ अंश सेल्सिअस) खाली थंड करण्यास मनाई केली होती. जपानने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहिमेद्वारे कार्यालयांत २८ अंशांचा आग्रह धरला आणि त्यासाठी कोट व टाय यांना सुट्टी दिली. स्पेनने २०२२ मध्ये सार्वजनिक जागांसाठी २७ अंशांची मर्यादा घातली.

२४ हा आकडा काहीसा तडजोडीचा आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने तयार झालेल्या भारतीय अनुकूली सुखावह तापमान प्रतिमानातून असे दिसले, की उष्ण प्रदेशात राहणाऱ्यांचे शरीर व सवयी बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतात आणि त्यांना अधिक तापमानही सुखावह वाटते. ४२ अंशांतून घरी आलेल्या माणसाला २७ अंशांची खोली पंख्यासह पुरेशी गार लागते. छताचा पंखा हवा थंड करत नाही, पण अंगावरील वाऱ्यामुळे दोन-तीन अंशांचा दिलासा देतो. साधा पंखा सुमारे ७५ वॅट आणि नव्या बीएलडीसी मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास वीज घेतो.

== वीजबिल ==

महावितरणचे घरगुती दर चढत्या टप्प्यांचे आहेत. महिन्याची पहिली १०० युनिटे, नंतर ३०० पर्यंतची, ५०० पर्यंतची आणि त्यापुढची असे हे टप्पे आहेत. टप्पा ओलांडल्यावर सगळ्या युनिटांना वरचा दर लागतो असा गैरसमज आहे. प्रत्यक्षात तो फक्त पुढच्या युनिटांना लागतो.

एखाद्या घराचा एरवीचा वापर, पंख्यांसह, ९० युनिटे धरला आणि त्यात रात्री आठ तास चालणाऱ्या दीड टनी वातानुकूलकाची दररोज ८ युनिटे मिळवली, तर महिन्याचा आकडा ३३० होतो. पहिल्या टप्प्यातले कुटुंब तिसऱ्यात जाते. तापमान २४ वरून २७ वर आणल्यास सुमारे ४० युनिटे वाचतात, आकडा २९० वर येतो आणि तिसरा टप्पा टळतो. त्याच आठ तासांसाठी कूलर महिन्याला ५० युनिटांच्या आत भागवतो.

गावातील वीजपुरवठ्याची स्थिती हाही विचाराचा भाग आहे. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत महाराष्ट्रात ‘अक्षय प्रकाश योजना’ राबवली गेली. तीत गावांनी संध्याकाळी मोटारी व जड उपकरणे बंद ठेवायची आणि बदल्यात दिव्यांपुरती वीज अखंड घ्यायची, असा सामूहिक करार होता. आज भारनियमन पूर्वीसारखे नाही, तरी उन्हाळ्यातील रात्री विजेचा दाब उतरतो आणि रोहित्रे जळतात. ३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली, तो तोवरचा उच्चांक होता. दुपारची मागणी सौर विजेने भागवता येते. रात्री दहा ते दोन या वेळेतील वातानुकूलकांचा भार सूर्य मावळल्यानंतरचा असल्याने तो अवघड जातो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेखालील छतावरील पॅनेलांचा एक अनपेक्षित लाभ म्हणजे ती स्लॅबवर सावलीही धरतात.

== आरोग्य व सुरक्षितता ==

तापमान वाढवून वीज वाचवण्याचा सल्ला सर्वांना सरसकट लागू नाही. वृद्ध, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, हृदय व मूत्रपिंडाचे रुग्ण यांना उष्णतेचा त्रास लवकर होतो. हवा त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे सुमारे ३५ अंशांपेक्षा, बरीच अधिक तापलेली असेल तर पंख्याचा वारा वृद्धांना फारसा आधार देत नाही. ओले फडके, अंगावर पाणी घेणे आणि सावलीची जागा यांचा उपयोग तेव्हा अधिक होतो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांवर जाते, भान हरपते, आणि रुग्णास ताबडतोब थंड करून रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

लोखंडी पत्र्याच्या कूलरमुळे विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात महाराष्ट्रात मृत्यू होतात, आणि त्यांत लहान मुलेही असतात. पाणी भरण्यापूर्वी प्लग काढणे, तीन पिनांचा प्लग व योग्य अर्थिंग असणे आणि कूलरच्या आसपास फरशी कोरडी ठेवणे यांनी हे अपघात टळू शकतात. जुन्या घरांत अर्थिंगची तार मुळीच नसते, किंवा असली तरी जमिनीपर्यंत पोहोचलेली नसते. कूलरच्या टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची पैदास होते, त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून कोरडी केली जाते. टंचाईच्या गावात हे फेकायचे पाणी बहुधा झाडांना किंवा अंगण शिंपडायला जाते.